दगड इथे, ठसे गॉटिंगेनला

आजचा भाग मझौलीहून. बृहन्महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेलं नसेल म्हणून सांगतो, मझौली ही जबलपूर जिल्ह्यातली तहसील. सिहोऱ्याहून इकडे रस्ता येतो. निवृत्तीनंतर मी याच भागात राहिलो.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याने पत्रातून विचारलं, "कर्नलसाहेब, तुम्ही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर कांगोत होता. आफ्रिकेतली विद्यापीठं संशोधनात मागे का पडली? तिथल्या पोरांना पीएच.डी.साठी युरोपातच का जावं लागतं?" प्रश्न चांगला आहे. पण त्याचं उत्तर मला गोम्याहून किंवा नैरोबीहून सुरू करता येणार नाही. ते मझौलीतूनच सुरू करावं लागेल. हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी आपल्याबद्दल विचारता आला असता, आणि तो सोडवताना आपण काय केलं, काय अर्धवट सोडलं, हे आधी पाहिलं पाहिजे.

मझौलीत विष्णुवराहाचं देऊळ आहे. आतला वराह माणसाच्या अंगाचा आणि डुकराच्या तोंडाचा नाही. पुरता चार पायांवर उभा आहे, आणि त्याच्या सगळ्या अंगावर लहान लहान मूर्तींच्या रांगा कोरलेल्या आहेत. लांबून पाहिलं तर खवले वाटतात. मूर्ती कलचुरी काळातली, म्हणजे जवळपास हजार वर्षांपूर्वीची. इथून बहोरीबंद फार दूर नाही. तिथे शांतिनाथाची प्रचंड मूर्ती आहे, तिच्यावरच्या लेखात कलचुरी राजा गयाकर्णाचं नाव आहे. त्याच बाजूला रूपनाथला अशोकाचा शिलालेख आहे. आणि जबलपूरच्या पलीकडे, भेडाघाटच्या रस्त्यावर तेवर नावाचं खेडं आहे, ते म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. १९३९ची त्रिपुरी काँग्रेस, सुभाषबाबूंची, ती याच नावाने ओळखली जाते.

आता मी हे सगळं किती सहज सांगितलं बघा. कलचुरी, हजार वर्षं, गयाकर्ण. गावातल्या म्हाताऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वी विचारलं असतं तर त्यांनी वराहाची कथा सांगितली असती, राजाचं नाव सांगता आलं नसतं. ते नाव कुणी शोधलं, कुठे बसून शोधलं आणि त्याचा पगार कोण देत होतं, ही आजची गोष्ट.

सुरुवात सरकारी आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम हा मूळचा लष्करी इंजिनियर, निवृत्त मेजर जनरल. आमच्याच जातकुळीतला म्हणा. तो पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झाला आणि १८७०च्या दशकात त्याने आणि त्याच्या मदतनिसांनी हा मुलूख पायाखाली घातला. त्यांच्या अहवालांत देवळांची मापं आहेत, लेखांच्या नकला आहेत. तेवरजवळच्या करनबेलचे दगड रेल्वेच्या कामासाठी ठेकेदारांनी उचलून नेले, हीसुद्धा नोंद आहे. एका बाजूने सरकार लेख उतरवून घेत होतं आणि दुसऱ्या बाजूने लेखांचे दगड पुलांत जात होते.

लेखाची नक्कल करायची पद्धत साधी. दगड ब्रशने स्वच्छ धुवायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ठोकून अक्षरांत घालायचा आणि वरून शाई फिरवायची. अक्षर पांढरं राहतं, बाकी काळं. कागद वाळला की घडी करून पाठवून द्या. हे ठसे कुठे जात? त्यातले कित्येक जर्मनीत, गॉटिंगेनला.

तिथे फ्रान्झ कीलहॉर्न होता. हा गृहस्थ १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक. पुढे मायदेशी गॉटिंगेनला गेला, आणि तिथे बसून हिंदुस्थानातले लेख वाचत राहिला. कलचुरींच्या लेखांत एक निराळाच संवत् येतो, तो शकही नाही आणि विक्रमही नाही. त्याचा आरंभ कधीचा? कनिंगहॅमने तर्क केला होता. लेखांतल्या तिथी, वार, नक्षत्रं घेऊन गणित घालून आरंभ इ. स. २४८-४९च्या सुमाराचा, हे पक्कं केलं कीलहॉर्नने. आमच्या तेवरच्या राजांचं कालगणित जर्मनीत सुटलं.

मी कीलहॉर्नला दोष देत नाही. त्याने ते काम केलं नसतं तर आणखी पन्नास वर्षं पडून राहिलं असतं. पण हा साचा लक्षात ठेवा. वस्तू इथे, मजूर इथला, नक्कल इथून, आणि अर्थ लावणारा माणूस, त्याचं ग्रंथालय, त्याचे विद्यार्थी तिकडे. आफ्रिकेकडे गेल्यावर हाच साचा आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

तो तसा का होता? कारण आपल्याकडची विद्यापीठं संशोधनासाठी काढलेलीच नव्हती. १८५७ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली ती परीक्षा घेणारी खाती म्हणून. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने पेपर काढायचे आणि पदव्या वाटायच्या. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्राचा विभाग निघायला १९१९ साल उजाडलं. त्यामुळे ज्याला संशोधन शिकायचं त्याने बोटीत बसायचं, आणि त्यासाठी पैसे देणारा कुणीतरी राजा किंवा शेठ गाठायचा. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार.

या शिष्यवृत्तीचा उल्लेख आपण सगळे करतो, पण तिची मुदत संपल्यावर काय झालं ते कमी लोक सांगतात. आंबेडकर लंडनला पोहोचले, तिथला अभ्यास सुरू झाला आणि १९१७मध्ये तो अर्धा टाकून परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं, त्यासाठी स्वतःच्या नोकरीतली बचत आणि शाहू महाराजांची मदत लागली. कोलंबियाचा नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी हातात मिळत नसे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली छापून झाला आणि पीएच.डी. अधिकृतपणे मिळाली १९२७ साली. म्हणजे न्यूयॉर्क सोडल्यानंतर अकरा वर्षांनी. बुद्धी त्या दर्जाची, आणि पदवी छपाईपाशी अडलेली. संशोधनाचा पैसा म्हणजे फक्त फी आणि जेवणाचा खर्च नव्हे, हे यावरून समजावं.

आता दोन माणसं शेजारी ठेवतो. दोघे १८९३ सालचे, दोघे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. एक मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, डॉक्टरेट घेतली, १९२४मध्ये परतून मुंबईच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, आणि पुढच्या पस्तीसेक वर्षांत सुमारे ऐंशी प्रबंधांना त्यांनी मार्गदर्शन केलं. एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी, अ. र. देसाई त्यांचे विद्यार्थी, इरावती कर्व्यांची एम.ए. त्यांच्याकडे. भारतातल्या समाजशास्त्राच्या विभागांची वंशावळ काढली तर निम्म्या फांद्या घुर्यांपाशी येऊन मिळतात. एका शिष्यवृत्तीतून ऐंशी प्रबंध निघाले. सरकारी हिशेबतपासनिसाला याहून चांगला परतावा कुठे मिळणार?

दुसरे कुवळ्याचे वासुदेव विष्णु मिराशी. हे परदेशी गेले नाहीत. नागपूरला मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत राहिले आणि शिकवता शिकवता ताम्रपट वाचत राहिले. त्या काळचा मध्यप्रांत म्हणजे नागपूर-वऱ्हाड आणि जबलपूर-सागर एकाच छत्राखाली. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं. त्यामुळे विदर्भातले वाकाटक आणि इथले कलचुरी हे मिराशींच्या दृष्टीने एकाच अंगणातले. त्यांच्या आधी या वाटेवर कटनीचे रायबहादूर हीरालाल चालून गेले होते. सरकारी अधिकारी माणूस. नोकरी सांभाळून त्यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या शिलालेखांची सूची १९१६मध्ये छापली, आणि 'जबलपूर-ज्योती', 'दमोह-दीपक' अशी जिल्ह्यांची पुस्तकं हिंदीत लिहिली. या दोघांनाही पुढे मानाची डॉक्टरेट मिळाली, पण ज्याला आज आपण पीएच.डी.चं प्रशिक्षण म्हणतो ते कुणी दिलं नव्हतं.

मिराशींचं मोठं काम १९५५ साली आलं. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा पुरातत्त्व खात्याचा खंड, दोन भागांत. कीलहॉर्नने जे गणित गॉटिंगेनला मांडलं होतं ते त्यांनी नागपुरात बसून पुन्हा तपासलं, नवे लेख जोडले. आणि मराठी माणसाला चकित करणारी एक गोष्ट पुढे मांडली. हा संवत् मूळचा त्रिपुरीचा नाहीच, तो सुरू केला आभीर राजा ईश्वरसेनाने, ज्याचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. म्हणजे तेवरच्या राजांचं वर्ष नाशिककडून चालत आलं! आधीच्या कलचुरींपैकी कृष्णराजाची चांदीची नाणी नाशिक-मुंबईकडे सापडतात, हे त्याच्याशी जुळतं. हा दुवा जुळवायला नाशिक आणि जबलपूर या दोन्हींशी ज्याचं रोजचं नातं आहे असा माणूस लागतो. इथे राहणाऱ्याला सुचणारे प्रश्न वेगळे असतात, असं मी म्हणतो ते यासाठी.

पण कुणी म्हणेल, मग झालं की! हीरालाल आणि मिराशी डॉक्टरेटशिवाय घडले, तर विद्यापीठांवर पैसा कशाला? मला हा युक्तिवाद पटत नाही. लष्करात आम्ही परमवीरचक्र मिळवणाऱ्यांचा आदर करतो, पण सैन्य त्यांच्या भरवशावर उभं करत नाही. सैन्य उभं राहतं ते ट्रेनिंग सेंटरवर. साधा रंगरूट घ्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत त्याला कामाचा करायचा. हीरालाल पुन्हा जन्माला येण्याची वाट बघत बसणारा देश दर पिढीला शून्यापासून सुरुवात करतो.

ते ट्रेनिंग सेंटर आपल्याकडे पुण्यात तयार झालं, आणि तेही जवळजवळ बुडता बुडता. डेक्कन कॉलेज १९३४ साली मुंबई सरकारने बंद केलं. कारण नेहमीचं, पैशाची तंगी. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी गप्प बसायचं नाकारलं आणि ते कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा सरळ होता. सर जमशेटजी जीजीभाईंनी या कॉलेजासाठी देणगी दिली आणि सरकारने ती घेतली. देणगी घेऊन कॉलेज बंद करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडलं, यावेळी पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. पारशी शेठाच्या देणगीपत्राने मराठी मुलखातली संशोधनाची सर्वांत चांगली शाळा वाचवली.

आणि माणसं कोण घेतली बघा. पुरातत्त्वासाठी हसमुख सांकळिया, वय तीस, लंडनची डॉक्टरेट, तिकडे असताना मॉर्टिमर व्हीलरच्या मेडन कॅसलच्या उत्खननात हात काळे केलेले. समाजशास्त्र-मानवशास्त्रासाठी इरावती कर्वे, बर्लिनची डॉक्टरेट. भाषाशास्त्रासाठी कत्रे. आणि मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर, ज्यांच्याकडे एम.ए.चीही पदवी नव्हती. त्या शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' हा ग्रंथ १९४६मध्ये याच संस्थेने काढला. पदवी लागते, पण पदवीच्या पलीकडचा माणूस ओळखणारं कुणीतरी संस्थेत बसलेलं असावं लागतं, हे मला या निवडीत फार आवडतं.

सांकळियांनी काय केलं? स्वतः खणलं, ते तर झालंच. पण दर मोसमात विद्यार्थ्यांना बरोबर नेलं. थर कसा ओळखायचा, खापराला क्रमांक कसा द्यायचा, खणताना रोजची वही कशी लिहायची आणि उत्खनन झाल्यावर अहवाल छापल्याशिवाय दुसरीकडे फावडं कसं मारायचं नाही, हे पुस्तकातून येत नाही. मातीत बसून येतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीची टेकडी १९४५-४६मध्ये खणली. त्या अहवालावर सांकळियांच्या नावाशेजारी मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे नाव आहे.

हे दीक्षित पुढे आमच्याकडे आले, आणि ते कसे आले हे सांगायला सागरला जावं लागेल.

सागर म्हणजे मराठ्यांचंच ठाणं. पेशव्यांचे गोविंदपंत बुंदेले इथले. त्या गावातले हरिसिंग गौर केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले, नागपुरात नाव कमावलं, दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. वकिलीत रग्गड पैसा मिळवला. आणि १९४६च्या जुलैत, वयाच्या पंचाहत्तरीत, स्वतःच्या कमाईतले वीस लाख रुपये घालून आपल्या मागास गावात विद्यापीठ काढलं. पुढे मृत्युपत्राने इस्टेटीचा मोठा हिस्साही त्यालाच दिला. १९४६मधले वीस लाख! राजा नव्हता, उद्योगपती नव्हता. वकील होता.

विद्यापीठ निघालं म्हणून जागा निघाली, जागा निघाली म्हणून पुण्यात तयार झालेले दीक्षित सागरला आले, आणि १९५२ साली सागर विद्यापीठाने त्रिपुरीचं उत्खनन केलं. अहवाल १९५५मध्ये छापला गेला, मिराशींचा खंड आला त्याच वर्षी. कलचुरी राजे येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून हे नगर नांदत होतं, सातवाहनांच्या काळातही इथे वर्दळ होती, हे जमिनीतून बाहेर आलं. कनिंगहॅमच्या अहवालापासून मोजलं तर सत्तरपेक्षा जास्त वर्षं गेली. यावेळी मात्र ना ठसे परदेशी गेले ना खापरं. मार्गदर्शक पुण्याचा, नोकरी सागरची, मजूर तेवरचे, लेखांचा जाणकार नागपूरचा, आणि छपाई राज्य सरकारची. याच वेलीची दुसरी फांदी नागपूरला गेली. डेक्कन कॉलेजातलेच शां. भा. देव नागपूर विद्यापीठात आले आणि पवनार, पवनी, टाकळघाट, माहुरझरी ही विदर्भातली उत्खननं १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून एकामागून एक झाली.

आता आफ्रिकेकडे वळतो. पत्र लिहिणारे श्रोते एव्हाना कंटाळले नसतील अशी आशा आहे.

नायजेरियातलं इबादान. १९४८ साली इथे युनिव्हर्सिटी कॉलेज निघालं, पदवी मात्र लंडनची. केनेथ ओनवुका डिके या तरुणाने १९५०मध्ये लंडनची डॉक्टरेट घेतली. विषय होता नायजर नदीच्या मुखाकडचा व्यापार आणि राजकारण. त्या काळी युरोपातले विद्वान म्हणत, आफ्रिकेला इतिहास नाही, कारण लिखित कागद नाहीत. डिकेने परतल्यावर दोन गोष्टी केल्या. एक, सरकारच्या कचेऱ्यांत कुजत पडलेले कागद गोळा करून देशाचं अभिलेखागार उभं केलं, १९५४मध्ये. दोन, लोकांच्या तोंडच्या वंशावळी आणि कहाण्या हे इतिहासाचं साधन म्हणून वापरायला विद्यार्थ्यांना शिकवलं. त्यांच्या प्रबंधांची मालिका छापली गेली, आणि जगभर 'इबादानचं इतिहास घराणं' असं नाव झालं. आपल्या सांकळियांचाच हा जुळा भाऊ. आधी साधनं, मग विद्यार्थी, मग छपाई.

मग ते का टिकलं नाही? पहिला घाव यादवीचा. १९६६-६७मध्ये नायजेरिया पेटला, डिके इबादान सोडून गेले आणि पुढे हार्वर्डला शिकवू लागले. दुसरा घाव कागदावरचा होता आणि तो जास्त खोल गेला. १९८०च्या दशकात आफ्रिकेतले देश कर्जात बुडाले. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, की प्राथमिक शाळेवर घातलेला रुपया जास्त परतावा देतो, विद्यापीठावरचा कमी. आकडा एका परीने खरा असेलही. पण त्या प्राथमिक शाळेच्या मास्तराला शिकवणाऱ्याला कोण शिकवणार, हा खाना त्या तक्त्यात नव्हता. विद्यापीठांचे पैसे आटले, चलन कोसळलं, प्राध्यापकाचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरेना. ज्यांना जमलं ते परदेशी गेले. जे उरले त्यांनी पोटासाठी परदेशी संस्थांची अहवाल लिहिण्याची कामं धरली. त्यात प्रश्न देणारा दुसरा, आणि उत्तराची मुदत तीन महिन्यांची. डॉक्टरेटचं मार्गदर्शन करायला ना माणूस उरला ना वेळ.

आपल्यावर १९३४मध्ये हीच वेळ आली होती. फरक एवढाच, की आपल्याकडे देणगीपत्र होतं आणि कोर्टात जाणारे माजी विद्यार्थी होते.

मी २००६मध्ये पूर्व कांगोत गोमा शहरात होतो. सिग्नल्सचा माणूस, त्यामुळे माझं काम तारा-लहरींचं. शहराच्या डोक्यावर न्यिरागोंगो नावाचा ज्वालामुखी. २००२मध्ये त्याचा लाव्हा गावातून वाहत विमानतळाच्या धावपट्टीवर आला होता. आम्ही चालायचो ते रस्ते त्याच काळ्या दगडाचे. गावात ज्वालामुखी वेधशाळा आहे. तिथले स्थानिक शास्त्रज्ञ त्या डोंगराचा आवाज ओळखतात. पण वेधशाळेचा खर्च बाहेरच्या प्रकल्पांवर चालायचा. जागतिक बँकेचा प्रकल्प २०२०मध्ये संपला, नवा झाला नाही, घोटाळ्याचे आरोपही झाले. पुढे काही महिने भूकंपमापकांची माहिती आणणाऱ्या इंटरनेटचेही पैसे नव्हते. २२ मे २०२१च्या संध्याकाळी डोंगर फुटला. इशारा मिळाला नाही. तीसेक माणसं गेली, हजारो घरं गेली. ही बातमी मी इथे जबलपूर जिल्ह्यात बसून वाचली आणि कितीतरी वेळ सुन्न होतो. पुरेशी माहिती असती तर इशारा देता आलाच असता, असं मी म्हणणार नाही, ज्वालामुखी कुणाला शब्द देत नाही. पण इंटरनेटच्या बिलापायी वेधशाळा आंधळी व्हावी?

तारखेचा योग असा, की जबलपूरचा भूकंप झाला तोही २२ मेलाच, १९९७ साली, पहाटे. तीसपेक्षा जास्त माणसं दगावली. पण त्याच्या चार वर्षं आधी किल्लारी झालं होतं. किल्लारीनंतर सरकारने पैसा घालून देशभर नवी अंकीय भूकंपमापकं बसवली होती. त्यामुळे जबलपूरचा धक्का आपल्या यंत्रांवर नीट नोंदला गेला, आणि त्याचं मूळ नर्मदेच्या खोऱ्याखाली पस्तीस किलोमीटरच्या आसपास, फार खोल आहे, हे कळलं. लातूरकरांनी सोसलेल्या दुःखातून आलेल्या पैशाने जबलपूरच्या जमिनीखालचं ज्ञान मिळालं. संशोधनाचा पैसा असा उशिरा आणि भलत्याच गावात फळतो. म्हणूनच तो दर वर्षी मागून घ्यावा लागला की हात आखडतो.

आफ्रिकेने नंतर स्वतःहून हातपाय हलवले, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर चित्र खोटं होईल. १९८८मध्ये नैरोबीत अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी अनेक देशांची मिळून एक संस्था निघाली. एकेका विद्यापीठाकडे चांगले मार्गदर्शक पुरेसे नाहीत, तर सगळ्यांचे एकत्र करू, मुलं एका ठिकाणी जमवू, असा विचार. २००८मध्ये आरोग्याच्या विषयांसाठी 'कार्टा' नावाची योजना आली. तिचं मर्म मला फार व्यवहारी वाटतं. डॉक्टरेटसाठी ती घेते ते विद्यापीठांत आधीच नोकरीला असलेले शिक्षक. पदवी झाली की परतायला खुर्ची आहे. सयाजीरावांच्या दहा वर्षांच्या कराराचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणा, फक्त बेडीऐवजी जागा. २०१५मध्ये सोळा संशोधन-विद्यापीठांनी डाकारला आघाडी केली. आणि जागतिक बँकेने २०१४पासून आफ्रिकेतल्या विद्यापीठांत उत्कृष्टता केंद्रांसाठी कर्जं द्यायला सुरुवात केली. होय, तीच बँक! सकल उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करायचं आफ्रिकी देशांनी कधीचंच ठरवलंय. बहुतेकांना तो गाठता आलेला नाही.

हसू नका मंडळी. आपलाही आकडा ०.६४ टक्के आहे.

आपल्या घरात काय चाललंय? नेट परीक्षेतून फेलोशिप मिळवणाऱ्याला २०२३पासून महिना ३७ हजार मिळतात, आणि पुढच्या टप्प्यात ४२ हजार. ही रक्कम वाईट नाही. पण केंद्रीय विद्यापीठात ज्याला ती मिळत नाही त्याला आठ हजार. एकाच प्रयोगशाळेत, एकाच बाकावर, एक ३७ हजारांचा आणि एक आठ हजारांचा. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात, आणि ती नोंदणीच्या तारखेपासून व पूर्ण दराने मिळावी म्हणून त्याच विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावं लागलं. पाच वर्षांच्या प्रबंधातले सहा महिने मैदानावर गेले तर खणायला कधी जाणार? राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३मध्ये झाला, पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचं उद्दिष्ट आहे, त्यातला मोठा भाग खाजगी क्षेत्राकडून यायचा आहे. हे होवो. पण माझी शंका अशी, की तो पैसा आधीच मोठ्या असलेल्या संस्थांकडे वाहत जाईल. सागर, जबलपूर, नांदेड, गडचिरोली इथल्या विद्यापीठांपर्यंत किती पोहोचेल?

नियमांचा गोंधळ तर विचारू नका. सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची करू, असं २०१८मध्ये ठरलं, मग पुढे ढकललं, २०२३मध्ये सक्ती काढली. मधल्या काळात नोकरीच्या धाकाने किती प्रबंध घाईघाईने बांधले गेले असतील! लष्करात हुकूम बदलला तर निदान तुकडी एका जागी थांबते, इथे विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षं जातात.

एक उदाहरण मात्र मला धीर देतं. डेक्कन कॉलेजात १९४८ साली कत्र्यांनी संस्कृतचा महाकोश हाती घेतला. पंधराशे ग्रंथ वाचून, शब्द न् शब्द उतरवून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, आजही त्या पोलादी कपाटांत अकारविल्हे लावलेल्या आहेत. पहिला भाग छापायला १९७६ उजाडलं. आता तीसच्या वर भाग झाले, आणि मंडळी, अजून 'अ' हे अक्षर चालू आहे. मूळचे संपादक केव्हाच गेले, त्यांचे विद्यार्थी निवृत्त झाले, त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आज चिठ्ठी काढून टेबलावर ठेवतात. कुठल्याही तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या अर्जात हे बसलं नसतं.

पुढच्या भागात तेवरला जाऊ. १९५२चे खड्डे कुठे होते ते त्या अहवालातल्या नकाशावरून शोधायचा माझा विचार आहे. जबलपूर-नागपूरकडचे कुणी संशोधक विद्यार्थी येणार असतील तर कळवा. जीपमध्ये चार जागा आहेत, डिझेल माझं.